डावा कोपरा

पंखा बंद करावा लागतो आधी.
भिंतीवरचा कागद फडफडला की निकाल खोटा.
बोरा बाजारात, दुसऱ्या मजल्यावर, मे महिन्यात
मोईझभाईंच्या दुकानाच्या मागच्या खोलीत
ही एवढी एकच गोष्ट मला अजून जड जाते.

बाकी सोपं आहे.
छोट्या जाहिरातींचं अख्खं पान, चारी टोकांना टेप,
ट्रायपॉड, दोन सेकंदांचा टायमर,
आणि श्वास रोखायची सवय. तिची गरज नसते, तरी.
सत्तरला एक, एकशेपस्तीसला एक, दोनशेला एक.
मग पडद्यावर मोठं करून वाचायचं:
मध्यावर सुस्वरूप, गृहकृत्यदक्ष,
उजवीकडे घाटकोपर पूर्व, पागडीची खोली,
डावीकडे कुणाचं तरी बदललेलं आडनाव.
जुनी लेन्स मध्यावर गोडच बोलते.
तिच्या पोटातलं कोपऱ्यात कळतं.

शलाका तांडेल लेन्स घेऊन आली, वडिलांची.
टॉर्च मारून बघितलं. बुरशीचा धागा नाही.
या शहरात म्हणजे कुणीतरी
सिलिकाच्या पुड्या बदलत बदलत जपलेली.

हरेश्वर तांडेल. प्रभादेवी ते नायगाव
मंडळांच्या कबड्डीचे फोटो, तीस वर्षं,
मानधन शाल आणि नारळ.
"शेवटची चार वर्षं काढलेच नाहीत.
म्हणायचे, हात कापतो. फोटो हलतात."

लावली. मध्य वस्तऱ्यासारखा.
पागडी स्वच्छ.
आडनाव मात्र ओल्या शाईवरून बोट फिरवावं तसं.
कागद तिरका असेल म्हणून कॅमेरा उलटा केला, डोकं खाली:
धूसरपणानं कागद सोडला, लेन्सबरोबर फिरला,
आडनाव परत आलं आणि पागडी गेली.
आतलं एखादं भिंग कललंय.
केसभर.

कार्डही होतं तिच्याकडे, शेवटचं.
ते बचावाच्या मागे बसत, शेवटच्या रेषेपाशी,
चढाईपटूचा चेहरा मिळतो म्हणून.
चेहरे मिळालेत. वरच्या ओठावरचा घामसुद्धा.
उजव्या कोपरारक्षकाच्या पाठीवर नऊ, स्पष्ट.
डाव्याच्या पाठीवर तीन की आठ?
दुसरं मंडळ, दुसरं मैदान, तरी तेच.
तीन की आठ. सहा की शून्य.

हात कापला तर सगळंच कापतं, मी म्हटलं.
हात एकाच खेळाडूवर डूख धरत नाही.

ती बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली.
"बशीतून चहा प्यायचे. कधी सांडला नाही.
मी म्हटलंही होतं एकदा.
म्हणाले, चहाला कुठे फोकस लागतो."

हसली. मीही हसले, उशिरा.

"पडल्यानं होतं का हे?"

पुढच्या कड्यावर तांदळाच्या दाण्याएवढा पोचा होता.
मला तो नंतर दिसला.
आधी तिचा अंगठा दिसला, त्यावर जाऊन बसलेला,
नेमका, न बघता.

"कारखान्यातूनही येतं कधी कधी," मी म्हटलं.
खोटं नाही ते. येतं.
चिठ्ठीवर लिहिलं: डावी बाजू मऊ, सगळीकडे.
कारण, याच्यापुढे नेहमी काहीतरी असतं.
ती जागा सोडली.

मोईझभाईंनी बाहेरून भाव विचारला.
तिनं लेन्स टॉवेलात गुंडाळली,
टोपण आधी उलटं लावलं, मग सुलटं,
चिठ्ठी टेबलावरच राहिली.
जिन्यात तिच्या चपला बराच वेळ वाजल्या,
दोन मजल्यांना लागतो त्याहून जास्त.

मग पंखा लावला.
पानाचं एक टोक सुटलं, फडफडायला लागलं.
उठून टेप लावायला हवी होती, अजून दोन लेन्स बाकी होत्या.
बसून राहिले.
वारा तसा गरमच होता.