तंगूस

बस्त्यावची पहिली तार नेमकी लग्नातच तुटायची.
वेंगुर्ल्यात तार मिळत नसे,
मग बंदरावरून तंगूस आणायचा,
सुरमईचा, जाड,
आणि दातांनी ओढून बांधायचा.
सूर जरा बसका लागे. नवरदेवाला कळत नसे.

मी ड्रम वाजवायचो. आता बर्फाच्या कारखान्यात आहे.

कोल्हापूरला जाऊन एक कॅसेट केली आम्ही,
सात गाणी, सगळी त्याची.
एक आईच्या दम्यावर. त्यात तो मध्येच थांबतो
आणि श्वासाएवढी जागा रिकामी सोडतो.
रेकॉर्डिंगवाला म्हणाला, इथे काहीतरी भरा.
बस्त्याव म्हणाला, "ता भरलेलाच आसा."

पाचशे काढल्या. कव्हरवर छापलं: बसवराज.
हसला, दिवसभर स्वतःला तीच हाक मारत राहिला.
उरलेल्या खाटेखाली गेल्या,
खाऱ्या हवेनं फिती चिकटल्या.

पुढे तारकर्लीच्या हॉटेलात, पाहुण्यांसाठी,
दुसऱ्यांची गाणी. रात्रीचे दोनशे आणि माशाचं जेवण.
तुझं एखादं म्हण, असं कुणी म्हटलं नाही.
त्यानंही कधी विषय काढला नाही.
गेला तेव्हा गिटारीला तीन तंगूस होते.

काल पहाटे लिलावाला
एक पोरगी टोपली उतरवता उतरवता गुणगुणत होती,
विशीचीही नसेल.
कुणाचं गं हे?
"आमच्या आजयेचा," म्हणाली, आणि पुढे गात
बरोबर त्या जागी थांबली.

लादीवर माझा हातोडा उचललेला.
तिथून चौथ्या मात्रेला मी यायचो.

आलो.