उजवीकडे बसलेला डोंगर

एकतीस वर्षं मी कॉडचे काटे काढले.
काचेखाली दिवा, काचेवर मासा,
डोळ्याआधी बोटाला काटा कळायचा.
इसाफ्योर्दुरच्या त्या कारखान्यात मला
'चिमटा' म्हणायचे. ते कौतुक होतं.

आता उजवा हात मांडीवर ठेवला
की अंगठ्यानं पैसे मोजत बसतो.
कुणाचे, ते सांगत नाही.
चेहराही हसायचं विसरतो मधेच.
थोर्लाकुर विचारतो, "रागावलीस?"
चाळीस वर्षांत खरंच रागावले
तेव्हा एकदाही विचारलं नव्हतं.

गुरुवारी, जाळ्यांच्या जुन्या गोदामात
आम्ही सहाजण चित्रं काढतो. पाचजण.
कागद चिकटपट्टीनं टेबलाला जखडलेला,
ब्रशच्या दांडीवर सायकलच्या मुठीचं रबर.
पहिल्या दिवशी मी हात कोटात लपवला होता.
स्वान्दीसनं नुसता ब्रश पुढे केला,
आणि काम मिळताच हात गप्प झाला,
दंगेखोर पोराला मॉनिटर केल्यासारखा.

फार वेळ नाही.
साडेतीनची गोळी साडेतीनलाच लागते.
उशीर झाला की ब्रश चिखलातून चालतो.
एइनारची बोट भिंतीवर आहे,
शिडाची जागा कोरी.
ती कुणी पुरी करत नाही.

नोव्हेंबरपासून सूर्य
डोंगराच्या पलीकडूनच जातो,
गावाला दिसत नाही.
मी तोच डोंगर काढत होते,
डावीकडून उजवीकडे.
आणि ओळीच्या शेवटी माझं अक्षर
जसं मुंगीएवढं होतं
(बँकेनं दोनदा सही परत पाठवली)
तसा डोंगर बारीक होत होत
उजवीकडे पार खाली बसला.
खोडायला गेले.
मग दिसलं, तेवढ्या जागेत
सूर्य मावतो.
पिवळा संपत आला होता.
नळी लाटण्याखाली घालून काढला.

घरी थोर्लाकुर म्हणाला, डोंगर चुकलाय.
चष्मा लावून पुन्हा पाहिलं.
मग कॅलेंडर पाहिलं: अजून नऊ दिवस.
काही न बोलता त्यानं तवा काढला.
सूर्य परतला की गावात करतात
ते पातळ पॅनकेक आजच घातले,
कडेला करपलेले.

खाताना माझा काटा बशीवर
टणटण टणटण वाजत राहिला.
एरवी तो रेडिओ लावतो.
आज लावला नाही.