नऊ नंबरखालचं दान

सडबरीत, निकेलच्या गावात,
माझं कपडे धुण्याचं दुकान आहे. चौदा यंत्रं.
नऊ नंबरचं नाणं गिळतं आणि गप्प बसतं.
एक धुणं बेचाळीस मिनिटं.
बाहेर उणे सत्तावीस, म्हणून कोणी घरी जात नाही.

खेळू या, असं ओदील म्हणाली.
रात्रपाळीची नर्स ती; गणवेश यंत्रात गरगरत,
अंगात भावाचा स्वेटर.
एकाने जग सांगायचं,
बाकीच्यांनी त्यात कोणीतरी व्हायचं,
अडलं की फासा टाकायचा. एवढंच.

पण नमनालाच घडाभर तेल.
नियम कुठले घ्यायचे?
ओदीलने आणलं ते पुस्तक उशीएवढं:
तलवारींचे सतरा प्रकार,
दोराचं वजन, ओल्या दोराचं वेगळं.
मुकेंदी, लुबुम्बाशीहून इथे खाणकाम शिकायला आलेला,
त्याच्या खिशातून निघाली बारा पानं,
मध्ये दोन टाचण्या.
"ह्यात तलवार म्हणजे तलवार," तो म्हणाला,
"मोजतात ती भीती."
मला दोन्ही नको होती.
एका पानात बसेल ते द्या, म्हटलं,
साबणाच्या पाकिटावरसुद्धा मी एवढं वाचत नाही.

तीन शनिवार गेले.
वाद भिजवला, घुसळला, पिळला,
खेळाचा पत्ता नाही.
सोंगं तेवढी तयार होती:
ओदीलचा चोर, ज्याला रक्त बघवत नाही,
आणि माझी राणी,
जिला अख्ख्या राज्यात कोणी
सुटे आहेत का, असं विचारत नाही.

टोइवो हापाला कोपऱ्यात बसायचा.
एकतीस वर्षं खाणीत, त्यातली अकरा बचाव पथकात.
दोनच शर्ट धुतो,
पैसे पूर्ण यंत्राचे भरतो.
चौथ्या शनिवारी त्याने ते जाडं पुस्तक ओढलं,
कपाळावरचा चष्मा खाली घेतला
आणि दोराच्या पानावर थांबला. बराच वेळ.

"तुटायचा नियम कुठाय?"
ओदीलने बोट ठेवलं. वीस बाजूंचा फासा. एक पडला, तर.
"म्हणजे टाकायला मिळतो," तो म्हणाला.
मग पुन्हा, स्वतःशीच:
"आधी टाकायला मिळतो."

सहा नंबर पिळायला लागलं.
टेबल थरथरलं, फासे आपले आपण सरकले.
नियम निवडायचे म्हणजे
नशिबाला कुठल्या खोलीत येऊ द्यायचं
आणि कुठल्या दारात बूट काढायला लावायचे,
हे ठरवायचं, दुसरं काय.
आम्ही दोर जाड्या पुस्तकातला घेतला,
भीती मुकेंदीची,
उरलेलं माझ्या एका पानावरचं,
हरवलेल्या मोज्यांच्या टोपलीतून
जोडी लावावी तसं.

मुकेंदीने जग सांगितलं: एक विहीर,
तळाशी कोणीतरी गातंय.
चोर उतरला. राणीही उतरली, झगा खोचून.
"तू कोण?" त्याने टोइवोला विचारलं.
"मी वर थांबतो. दोर धरून."

मग दान टाकायची वेळ आली.
टोइवोने फासा मुठीत धरला, आणि धरूनच ठेवला.
त्याचे शर्ट कधीच धुऊन झाले होते.
टाकला तेव्हा तो टेबलावरून उडाला,
फरशीवर दोनदा वाजला
आणि नऊ नंबरखाली गेला.

ओदील पोटावर झोपून टॉर्च मारते,
मुकेंदी हँगर आणायला धावतो.
"असू दे तिथेच," टोइवो म्हणाला.
त्याचे हात हवेत होते,
एकापुढे एक, काहीतरी ओढत.
"आधी त्यांना वर घेऊ."

परवा एक नवी मुलगी दारात, बर्फ झटकत:
हे शिकायला काय लागतं?
मळके कपडे, मी म्हटलं, आणि बेचाळीस मिनिटं.
नऊ नंबरला फक्त हात लावू नकोस.
त्याच्याखाली एक दान आहे,
अजून कोणी वाचलेलं नाही.