गंज

मी बोरगव्हाण मिशनच्या मंडळीचा खजिनदार.
अकरा वर्षं झाली, पैशाचा फरक नाही.
कोणी शंका काढली तर वही पुढे करतो.

यंदाचा मोठा खर्च:
व्हरांड्याला लोखंडी जाळी, एकवीस हजार चारशे.
ठराव एकमताने. हात मीही वर केला होता.
हरभरा सोंगायला मेळघाटातून माणसं उतरतात,
रात्री व्हरांड्यात निजतात,
सकाळी तीन दगड काळे करून निघून जातात,
आणि रविवारी आमच्या बायकांच्या पदरांना काजळी लागते.
फरशी नवी आहे. पांढरी. तोंड दिसतं तिच्यात.

वेदीजवळ एक पितळी गंज आहे.
आमच्याकडे गंज म्हणजे पातेलं;
बाहेरच्यांना वाटतं, लोखंडाला चढतो तो.
त्यात आता प्लास्टिकची लिली.
नाताळात पाळकसाहेबांच्या मुलीनं त्याला सोनेरी रंग मारला.
फोटोत छान येतो.

छप्पनच्या दुष्काळात त्याच गंजात कण्या शिजल्या.
माझा पणजा तेव्हा सात वर्षांचा,
चिंचेखाली आईला टेकून बसलेला.
आई आदल्या रात्रीच गेली, हे त्याला कळलं नव्हतं.
कोणीतरी त्याच्या ओंजळीत द्रोण ठेवला.
नाव विचारलं नाही, जात विचारली नाही,
कण्या संपेपर्यंत देवाचाही विषय काढला नाही.
दानीएल हे नाव मागाहून मिळालं.
आमचं घराणं सुरू होतं ते
एका पळीपासून.

त्या पळीचं पुढे काय झालं, वहीत नोंद नाही.

माझ्या घरी आता दोन दारांचा फ्रीज.
थोरल्यानं पुण्याहून धाडला, हप्त्यावर.
आत कोथिंबीर, इन्सुलिन आणि पुष्कळसा उजेड.
रविवारी साक्षी होतात:
प्रभूनं चारचाकी दिली. प्रभूनं प्लॉट दिला, हायवेला लागून.
आम्ही आमेन म्हणतो. मीही म्हणतो, मनापासून.
फक्त हल्ली उठून उभं राहताना
खिशातल्या किल्ल्या फार वाजतात.

परवा पहाटे जाळीपलीकडे एक बाई उभी.
सुगराय. नाव नंतर कळलं.
पाठीला बांधलेलं लेकरू तापानं फणफणलेलं.
पैसे मागेल म्हणून मी खिशात वीसची नोट चाचपली.
दहाची हलकी दिसते.
ती गज धरून म्हणाली,
"भाऊ, आतमंदी कोनाले कोंडलं हो?"

चेष्टा नव्हती. तिला खरंच वाटलं असावं,
आत कोणी वेडा आहे, नाहीतर चोर.
मी वळून पाहिलं.
बाकं. पंखे. सोनेरी गंज.
मागच्या भिंतीवर अंधारात
रिकामा क्रूस.

नवं कुलूप लवकर फिरेना.
मग तिला स्कूटरवर मागे बसवून आरोग्य केंद्रात नेलं.
डॉक्टर नव्हता, नर्स होती, तेवढ्यानं भागलं.
परत आलो तर व्हरांड्याबाहेर, धुळीत,
तिची माणसं बसलेली, सतरा जण,
कोणीच काही मागत नव्हतं.

लिली काढून बाकावर ठेवली.
गंज घरी नेला. रंग काही केल्या निघेना;
चिंच लावली, राख लावली, शेवटी सुरी.
बायको दारात उभी राहून बघत होती.
मग काही न बोलता ज्वारी भरडायला बसली.

रात्री वही उघडली.
किराणा, सहाशे दहा. पेट्रोल, शंभर.
कुठल्या सदरात टाकू?
'दान' लिहिलं, खोडलं.
'मदत' लिहिलं, तेही खोडलं.
अकरा वर्षांत माझ्या वहीत खाडाखोड नव्हती.
मग लिहिलं: परतफेड. हप्ता पहिला.

जाळीचा विषय पुढच्या बैठकीत काढीन म्हणतो.
काढीन बहुधा.
पाळकसाहेबांना अजून सांगितलेलं नाही,
पण नखांत सोनेरी रंग बसलाय, जात नाही.
रविवारी अर्पणाची थैली फिरवताना
दिसेलच सगळ्यांना.