डायरीतला रकाना

इटेनची माती लाल आहे,
त्यामुळे चड्डीवरचा डाग इथे चटकन कुणाच्या नजरेत येत नाही.
हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं
आणि तेवढ्यासाठी या गावावर माझा जीव जडला.

जेलागात माझ्या खोलीत राहायची.
पहाटे साडेपाचला आम्ही बुटांच्या नाड्या बांधायचो,
अंधारात, न बोलता.
महिन्यातले दोन दिवस मात्र मी उठायचे नाही.
गुडघे पोटाशी, दातांत टॉवेलचं टोक,
कोपऱ्यातल्या बादलीवर झाकण.
ती दारातून म्हणायची, "माझं तर थांबलंय बाई,"
जसं कुणी म्हणावं, कर्ज फिटलं.

मला तिचा हेवा वाटायचा. खोटं कशाला बोलू?

कोच बार्मासाई खूश होते.
वजन उतरतंय, वेळ उतरतोय,
शरीर रंधा मारल्यासारखं गुळगुळीत झालंय.
त्यांच्या घड्याळात सेकंद होते, सेकंदाचे तुकडे होते,
महिना नव्हता.

उगालीचा अर्धा गोळा ती माझ्या ताटात सरकवायची.
घरून आलेला मुरसिकचा भोपळा
खाटेखाली तसाच आंबून आंबून
एक दिवस फसफसून सांडला.
आम्ही हसलो. फरशी पुसली मी.

फेब्रुवारीत, जंगलाकडच्या चढावर,
ती मधेच थांबली आणि पायाकडे बघत राहिली,
जणू तो दुसऱ्या कुणाचा होता.

दवाखान्यात सिस्टर ताबिथानं एक्स-रे खिडकीला लावला.
नडगीत एक केसाएवढी रेघ.
"शेवटची पाळी कधी?"
जेलागातनं माझ्याकडे पाहिलं,
मग बोटांवर मोजायला लागली. बोटं संपली.
"मक्याच्या पेरणीआधी," म्हणाली. "मागच्या पेरणीच्या."

सिस्टरनं खुर्ची ओढली.
"घरात पैसे कमी पडले की आई आधी काय बंद करते?
पाहुण्यांचं अंथरूण.
तुझ्या पोटातही दर महिन्याला एक घातलं जातं, पोरी,
कुणी आलं नाही की उचलून बाहेर.
तू खातेस तेवढ्यात पाय पळतील, काळीज चालेल,
अंथरुणाला कुठून उरणार?
आणि ते घालायला जो निरोप्या यायचा ना,
तोच जाता जाता हाडांच्या भिंती लिंपून जायचा.
आता तोच येत नाही."

मी दाराशी उभी होते, कुबडी धरून.
सिस्टर माझ्याकडे वळली,
माझी खालची पापणी बोटानं ओढली.
"आणि ही? पांढरी फटक! पॅड किती वेळानं बदलतेस?"
"तासाभरानं. रात्री दोन एकदम.
सगळ्यांचं असंच असतं ना?"
"कोण सगळ्या?"

मला एकही नाव सांगता आलं नाही.
मी कुणालाच कधी विचारलं नव्हतं.

एल्डोरेटच्या मशीनमध्ये माझ्या गर्भाशयात
लिंबाएवढी गाठ दिसली.
त्या लिंबाला मी चार वर्षं
माझा आळशीपणा म्हणत होते.

पुढचे महिने सांगण्यासारखे नाहीत.
लोहाच्या गोळ्या, गाठीचं औषध.
ती अंगणात बसून खायची,
रडत खायची, शिव्या देत खायची,
पळणाऱ्या मुलींची धूळ उगालीवर बसायची.
कोचनी एकदा तिची डायरी उघडली,
किलोमीटरच्या शेजारी पट्टीनं आखलेला नवा रकाना
वाचला, घसा खाकरला, मिटली.
सोमवारपासून सगळ्या मुलींना एकेक अंडं जास्त.
त्यावर ते कधी काही बोलले नाहीत.

ऑक्टोबरातल्या एका रात्री
तिनं मला हलवून उठवलं. हातात टॉर्च.
चादरीवर तळहाताएवढा डाग,
तिथे लाल माती नव्हती.

तिनं तारीख लिहिली. पुसली. परत लिहिली, ठळक.
मग खाटेच्या काठावर बसली, पोट धरून.
"दुखतंय गं."

मी टॉवेलचं टोक तिच्या हातात दिलं
आणि दुसरं माझ्याकडे ठेवलं.