खटका

तीन कागद पसरले होते
टेरी टॉवेलच्या गठ्ठ्यावर, कारण घरात टेबल नाही.

पहिला गुळगुळीत, पुण्याच्या एका केबिनमधून आलेला.
त्यावर टोपी घातलेली मुलगी, दात माझ्याहून सरळ.
एअरलाइनचं नाव मोठ्ठं, आणि अगदी तळाशी
मुंगीएवढ्या अक्षरांत: नोकरीची हमी नाही.
एक कोटीच्या पुढे किती, ते सर तोंडीच सांगणार.

दुसरा परदेशातला. दहा महिने. डॉलर.
अम्मा विड्या वळता वळता म्हणाली,
तिथं शेंगाची चटणी नेऊ देतात का, विचार.
बाकी काही विचारलं नाही तिनं.
सुपातली तंबाखू मात्र उगाच दोनदा पाखडली.

तिसरा, झेरॉक्सची झेरॉक्स.
इथल्याच राज्यातला क्लब, विमानं चार,
त्यातलं एक कायम दुरुस्तीला.
तासाचे पैसे तासाला. नंबर लागेल तेव्हा उडायचं.
परवान्याला दोनशे तास.

नायनानं बिलबुकाच्या पाठीवर गणित मांडलं.
उडण्याचा एक तास पंधरा हजार.
एका टॉवेलची मजुरी साडेतीन.
म्हणजे तासाला चार हजार दोनशे पंच्याऐंशी टॉवेल,
दोनशे तासांना साडेआठ लाखांच्या वर.
‘अख्ख्या सोलापूरला एकेक वाटला,’ तो म्हणाला,
‘तर कोण ओलं राहणार नाही की.’
हसला.
मग बराच वेळ हसला नाही.

संध्याकाळी स्कूटरवरून होटगी रोडला गेलो.
कारखान्याची चिमणी होती तिथं आता नुसतं आभाळ,
पडलेल्या दाताच्या जागी जीभ जाते
तशी नजर तिथंच जाते.
विमानाला आडवी येते म्हणून पाडली.
नायनाचा मित्र इरण्णा तिथल्या बॉयलरवर होता.
त्याच्यासमोर आम्ही अजून विमानाचं नाव काढत नाही.
कुंपणाच्या तारेला धरून नायना म्हणाला,
‘एक चिमणी पाडून रस्ता केलाय.
आता दुसरीनं तरी उडावं.’
मी पलीकडे बघत राहिले. धावपट्टीवर एक कुत्रं
सावकाश, अगदी मधल्या पांढऱ्या रेघेवरून चाललं होतं.

रात्री तो मागावर. मी कागद घेऊन शेजारी.
बाणा तुटला. माग आपोआप थांबला.
त्यानं बोटाला थुंकी लावून गाठ मारली,
दांडा ओढला, खटखट पुन्हा सुरू.
मग, त्या आवाजावरून ओरडून:
‘बघितलीस? सूत तुटलं की हा थांबतोय.
कर्जाला असा खटका नसतोय, पोरी.
सूत तुटलं तरी ते विणतच राहतंय.’

पहिले दोन कागद मी कांड्यांच्या डब्याखाली सारले.
तिसऱ्यावर लगेच सही केली नाही.

आधी डोळे. ठिपक्यांच्या ताटलीत लपलेले आकडे.
रंगाऱ्याकडून आलेल्या सुतात आठ प्रकारचे लाल
वेगवेगळे काढून ठेवणारी मी.
चौऱ्याहत्तर, सहा, पंचेचाळीस, सांगत गेले.
डॉक्टर म्हणाले, जरा दमानं, पान तरी उलटू दे.

मग फिजिक्स आणि गणित, बारावीचं, पुन्हा;
कॉमर्स घेताना कुणाला ठाऊक होतं?
मग नेव्हिगेशन, नियम, हवामान. पुस्तकं जुनी,
समासात कुणा अनोळखी मुलाच्या खुणा
चाळिसाव्या पानापर्यंतच.
तो कुठे थांबला असेल, याचा विचार मी रोज करते.

काल ढगांचा धडा काढला.
बाहेर चव्वेचाळीस अंश, आभाळात कापसाचा पुंजकाही नाही.
तेच वाक्य मी चौथ्यांदा वाचत होते,
तेव्हा नायनानं हात पुसला आणि भरल्या पाळीत
माग बंद केला.

आमच्या गल्लीत आवाजानं कुणी उठत नाही,
आवाज थांबला की उठतात.
समोरची लाइट लागली. वरची लागली.
येमुलांची म्हातारी दारात: ‘एमैंदि? काय झालं?’

‘काय नाही,’ नायना म्हणाला,
‘पोरगी ढग वाचतेय.’