गाशा

गाशा गुंडाळला म्हणावं,
तर गाशा होता कुठे?
साकीनाक्याला, बुशिंगच्या कारखान्याच्या डोक्यावर
एक गाळा, सहा खुर्च्या,
पाण्याचा जार, त्याचं डिपॉझिट मी भरलेलं.
बाकी सगळं हवेत.

मी तिथे रिया होते.
घरी सुलक्षणा गमरे.
रियाला अकरा वाक्यं दिलेली होती.
चौथं : आपले पैसे सुरक्षित आहेत.
सातवं : सर्व्हरच्या देखभालीचे काम चालू आहे.
अकरावं फक्त रडणाऱ्यांसाठी :
आम्ही आपल्या भावना समजू शकतो.

मंगळवारपासून सातवं.
पैसे आत येत होते, बाहेर जात नव्हते.
गुरुवारी चौथं आणि सातवं मिळून.
शुक्रवारी केणीकाका जिना चढून आले,
माझगाव डॉकचे निवृत्त फिटर, गुडघ्याला पट्टा.
फोन पुढे धरला. त्यांचे चार लाख ऐंशी हजार
हिरव्या अंकांत, माझ्यादेखत वाढत होते.
"दिसतायत ना गं," म्हणाले,
"मग हाताला का लागत नाहीत?"
अकरांत याचं उत्तर नव्हतं.
जारमधलं पाणी दिलं.

शनिवारी आमचेच पासवर्ड चालेनात.

पळाले, असं अजून कुणी म्हणत नाही.
पळाले म्हणे, असं म्हणतात.
म्हणे हॅक झालं. म्हणे दुबईत आहेत.
म्हणे एकटाच आहे, मिसरूडही फुटलेलं नाही.
म्हणे बुधवारी सगळं खुलं होणार.
त्या एवढ्याशा 'म्हणे'ला टेकून
माणसं बुधवारपर्यंत उभी राहतात, मग पुढच्या बुधवारपर्यंत.
'म्हणे'ला कर्ता लागत नाही.
त्यांनाही लागला नाही.

ठाण्यात हवालदार कानडेबाईंनी विचारलं,
वर्ण? उंची? बांधा? अंगात काय कपडे?
मी म्हटलं, घुबड.
त्यांनी वर पाहिलं.
म्हटलं, फोटोच्या जागी घुबड असायचं, एक डोळा मिटलेलं.
नाव कॅप्टन.
वाक्याच्या शेवटी टिंब देत नसे.
पगार अर्धा नोटांत, अर्धा त्याच्याच नाण्यात,
नोटा आणणारा पोरगा दर महिन्याला वेगळा.
नाण्यातला अर्धा मलाही अजून दिसतो.
हिरवा.
बाईंनी पेन टेकवलं. "तुझं खरं नाव सांग."
कागदावर पहिलं नाव माझं पडलं.
वर्ण, उंची, बांधा असलेली
त्या सगळ्यात मीच तेवढी होते.

एक गोष्ट मात्र सांगितली नाही.
मार्चमधली रात्रपाळी, दीड वाजलेला,
सगळं इंग्रजीत चाललेलं असताना
घुबडानं मध्येच लिहिलं :
जेवलीस का
टिंब नाही, प्रश्नचिन्हही नाही.
मी लिहिलं, हो.
जेवले नव्हते.

यंत्रानं भाषांतर केलं असेल.
पण यंत्राला कसं कळावं, पलीकडे बाई आहे की बुवा,
आणि अरेतुरेत किती जवळ यायचं ते?
म्हणजे तो इथलाच.
म्हणजे पोह्यांत लिंबू पिळणारा,
कुणाला तरी आई म्हणणारा.
दुबई परवडली असती.

आता ठाण्याच्या बाकावर, झेरॉक्सच्या रांगेत
मी चेहरे बघत नाही, क्रियापदं ऐकते.
काल केणीकाकांच्या मागे पिवळ्या शर्टातला एक जण होता.
त्याचेही दोन लाख गेलेत म्हणे.
काकांच्या तक्रारीच्या प्रती त्यानंच नीट लावल्या, टाचणी मारली,
गठ्ठा माझ्याकडे देत म्हणाला,
"ताई, जेवलात का?"

या वेळी मी नाही म्हटलं
आणि त्याच्या तोंडाकडे
बघत राहिले.